नववं घर रिकामं ठेवा

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वासाठी मी बहिणीच्या गावी गेले होते. बिदर जिल्ह्यातलंच गाव. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या गावाशी नाही, एका सवयीशी आहे, आणि ती सवय आता गावोगावी लागली आहे. संध्याकाळची आरती झाली आणि आम्ही बायका पदं म्हणायला बसलो. पेटीशेजारी जेवणाच्या डब्याएवढं एक काळं यंत्र ठेवलेलं होतं. कमिटीतल्या एका पोरानं बटण दाबलं, पडद्यावर ‘भजन २’ अशी अक्षरं उमटली, आणि ढोल, टाळ, घुंगरू सगळं एकदम वाजायला लागलं. पोरगा उठून बाहेर गेला. त्याचं काम संपलं होतं.

तिथं पंच्याहत्तरीच्या एक मावशी आहेत. त्यांच्या आईकडून आलेलं पार्श्वनाथांचं एक पद त्या दरवर्षी म्हणतात. पद सहा मात्रांचं, झोपाळ्यासारखं पुढं जाऊन मागं येणारं. यंत्र वाजत होतं आठ मात्रांचं. मावशींनी पहिलं कडवं कसंबसं ओढलं. दुसऱ्या कडव्याला त्या दोनदा अडखळल्या, तिसऱ्याला थांबल्या आणि पदर सारखा करत मागं सरकून बसल्या. यंत्र वाजतच राहिलं. बाकीच्या बायकांनी मग सिनेमाच्या चालीवरचं एक पद धरलं. ते आठात बसतं, त्यामुळं सगळं सुरळीत झालं.

मी नंतर विचारलं, “काय मावशी, गळा बसला का?”

“गळा कशाला बसतोय? ते डबडं माझ्या पुढं पळूलालंय. म्हातारपणी कुठवर पळू मी त्याच्या मागं?”

त्यांना वाटलं चूक त्यांची. वय झालं, ताल सुटला. बसलेल्या पन्नास बायकांनाही तसंच वाटलं. चूक त्यांची नव्हती, साधा हिशोब होता. सहा मात्रांचं पद आठ मात्रांच्या ठेक्यावर म्हटलं तर दोघांची सम चोवीस मात्रांनी एकदा जुळते. पदाची चार आवर्तनं होतात तेव्हा ठेक्याची तीन होतात. मधल्या तीन वेळा बाईला वाटतं आपण चुकलो. पंच्याहत्तर वर्षं बरोबर म्हटलेलं पद एका बटणानं चुकीचं ठरवलं, आणि कुणाला वाईटही वाटलं नाही. मला वाटलं, म्हणून हे लिहिते आहे.

आधीच सांगते, मी यंत्राच्या विरुद्ध नाही. आमच्या कमठाण्यात माझ्या घरी मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे, आणि जात्यावर दळणाऱ्या सासूबाईंच्या हाताला पडलेले घट्टे मी बघितले आहेत. जात्याची आठवण काढून गळा काढणाऱ्यांत मी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ठेक्याचं यंत्र विकत आणणं आणि त्यातला तयार ठेका जसाच्या तसा वाजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माझी हरकत नाही. दुसरीला आहे, आणि ती मी कमिटीच्या तोंडावर सांगितली आहे.

कमिटीचं उत्तर काय, तर, “काकू, यंत्रात चामडं नाही. अहिंसेच्या दृष्टीनं चांगलं.”

हे उत्तर ऐकून पुष्कळ लोक गप्प बसतात. मी बसले नाही. चामड्याबद्दलचा संकोच आपल्यात जुना आहे आणि ज्यांना तो मनापासून आहे त्यांचा मी मान ठेवते. ढोलकीवर, तबल्यावर कातडं असतं ही गोष्ट खोटी नाही. पण तीर्थंकरांच्या आठ प्रातिहार्यांत देवदुंदुभी आहे हेही त्याच लोकांना पाठ असतं. दुंदुभी म्हणजे नगारा. ताल आपल्याला परका नाही. तरीही चामडं नको म्हणत असाल तर नको. माझा प्रश्न पुढचा आहे. अहिंसेचा हिशोब आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असा तिन्ही अंगांनी मांडतात. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावली, तिन्हीचा भार आपल्यावर. मग मावशींना मागं सरकवलं ते कुणी? यंत्राला मन नाही, त्याला दोष लागत नाही. बटण दाबणाऱ्यानं ते करवलं, आणि टाळ्या देत बसलेल्या आम्ही पन्नासजणींनी अनुमोदन दिलं. चामडं वगळलं की हिशोब मिटला, असं समजणं सोयीचं आहे, पण खरं नाही.

आणि चामड्याबरोबर आणखी एक जण वगळला गेला. तिथं वीस-बावीस वर्षं एक ढोलकीवाले मामा येत होते. ते आपल्या समाजाचे नव्हेत. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसायचे, तिथूनच वाजवायचे. दहा दिवसांचे तीन हजार रुपये आणि शेवटच्या दिवशी धोतरजोडी. मावशींचं पद आलं की ते ढोलकी जवळजवळ बंद करायचे, नुसती बोटं टेकवायचे, आणि मावशींचा श्वास जिथं पडेल तिथं थांबायचे. यंत्र आल्यावर त्यांना निरोपही गेला नाही. ते पहिल्या दिवशी ढोलकी घेऊन आले, आतला आवाज ऐकला आणि दारातून परत गेले. कातड्याची अडचण वीस वर्षं कुणाला सुचली नव्हती. यंत्राची किंमत तीन वर्षांच्या मानधनात वसूल होते असं दिसलं, त्या वर्षी सुचली.

आता त्या यंत्राकडे येते, कारण रागानं बोलायचं तर आधी माहिती पाहिजे.

परतल्यावर मी पुतण्याकडून त्याचं जुनं ठेक्याचं यंत्र मागून घेतलं. तो बंगळूरला नोकरी करतो. कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात वाजवायचा. म्हणाला, “काकू, तुम्ही काय करणार याचं?” मी म्हटलं, “बघते तरी.” डायनिंग टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि त्यावर ठेवलं. सोळा बटणांची एक ओळ. एकेक बटण म्हणजे काळाचं एकेक घर. एक दिवा पहिल्या घरापासून सोळाव्यापर्यंत पळतो आणि परत पहिल्याकडे येतो. ज्या घरात तुम्ही ठोका ठेवलात तिथं तो आला की आवाज होतो. ठेवला नाही तर तो गप्प पुढं जातो. ढोलाची एक ओळ, टाळाची एक, डग्ग्याची एक, अशा ओळी एकावर एक रचायच्या. बस्स, एवढंच. मला हसू आलं. माझ्या वयाच्या बायकांनी मॅटीच्या कापडावर घरं मोजून मोर आणि कोयऱ्या भरल्या आहेत. तीन घरं लाल, एक सोडा, दोन हिरवी. ठेका लिहिणं त्याहून अवघड नाही. ‘बायकांना त्यातलं कळत नाही’ म्हणून त्या यंत्राला हात लावू देत नाहीत ना, त्यांनी एकदा मॅटीवर कोयरी भरून दाखवावी.

ही सोळा घरांची रीत जगात नावारूपाला आणली ती जपानच्या रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या यंत्रानं. ते १९८० साली निघालं. ढोल-झांजेचे आवाज त्यात विजेच्या मंडलांतून तयार केलेले होते, खऱ्या ढोलासारखे मुळीच नव्हते, आणि १९८३ मध्ये कंपनीनं ते काढणं थांबवलं. जेमतेम बारा हजार यंत्रं निघाली. पुढं ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली, अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या पोरांच्या हाती पडली आणि त्यांनी त्यातून आपलं संगीत उभं केलं. का जमलं? कारण त्यांनी घरं स्वतः भरली. कंपनीनं काय वाजवायचं ते सांगितलं नव्हतं. त्याच १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं. त्यात खऱ्या ढोलाचे ध्वनिमुद्रित आवाज होते, आणि आणखी एक सोय होती, झोक्याची. सगळी घरं सारख्या अंतरावर न ठेवता सम आकड्यांची घरं किंचित उशिरा वाजवायची. पन्नास टक्क्यांवर ठेका सरळ चालतो, सहासष्टच्या आसपास नेला की तो डुलायला लागतो. एका परदेशी माणसाला चाळीस वर्षांपूर्वी उमगलं की यंत्राला मुद्दाम थोडं उशिरा यायला शिकवावं लागतं. आपल्या मंडळाच्या यंत्रातही ती कळ असते. ती कुणी फिरवली असेल तर मला दाखवा.

आपल्याकडेही हे काम झालेलं आहे. बंगळूरच्या राडेल कंपनीच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला आणि पुढं तालमाला नावाचं तबल्याचं यंत्र. स्वतः बासरी वाजवणारा इंजिनिअर होता तो. रियाजाला तबलजी मिळत नाही अशा हजारो विद्यार्थ्यांची त्यानं सोय केली. त्यात तीनताल आहे, रूपक आहे, दादरा आहे, कारण बनवणाऱ्याला ताल माहीत होते. म्हणजे यंत्राला आपले ताल येत नाहीत ही तक्रारही खोटी. ज्यानं शिकवले, त्याच्याकडून ते शिकलं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. चरणजित सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदांतले वादक. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग घेतले आणि टीआर-८०८च्या डिस्को ठेक्यावर बसवले. त्यांच्या तबकडीच्या नावातच ते लिहिलं होतं. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चकित झाले, की आमच्याकडे जे संगीत काही वर्षांनी आलं त्याच्यासारखं हे मुंबईत आधीच कसं? आता कुणी म्हणेल, बघा, त्यांनीही दहा रागांना एकच ठेका लावला. हो, लावला. पण ठरवून लावला, नाव देऊन लावला, आणि त्याची जबाबदारी घेतली. आपण दहा पदांना एकच ठेका लावतो तो न ठरवता लावतो, आणि विचारलं तर म्हणतो, ‘यंत्रात तसंच आहे.’ माझं भांडण या ‘तसंच आहे’शी आहे.

तर मी त्या टेबलावर काय शिकले ते सांगते, म्हणजे ज्या बाईला करून बघायचं आहे तिला हुरूप येईल.

प्रथम कहरवा. आठ मात्रा, सोळा घरं, म्हणजे एका मात्रेला दोन घरं. धा गे ना ति, न क धिं ना. उजव्या हाताचा आवाज पहिल्या, पाचव्या, सातव्या अशा घरांत भरला. मग डग्ग्याची ओळ. मंडळाच्या यंत्रातला ‘भजन २’ मी मोबाइलवर टिपून आणला होता. त्यात डग्गा पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात होता, लग्नाच्या वरातीसारखा, सारखा धम्म धम्म. बोल म्हणून बघितले तर डग्गा घुमतो तो धा, गे आणि धिं यांना, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या आणि तेराव्या घरात. पाचव्या मात्रेला खाली असते. मात्रा पाचवी, म्हणजे घर नववं. तिथं डग्गा मुकाच पाहिजे. कंपनीनं नेमकं तिथंच ढोल ठेवला होता. मी नवव्या घरावर बोट दाबलं, दिवा विझला, आणि ठेका एकदम बसला. शब्दाला जागा झाली. गाणाऱ्या बाईला श्वास घ्यायला फट मिळाली. तासभर मी दुसरं काही केलं नाही, नुसता नवव्या घरातला दिवा लावत आणि विझवत बसले. गॅसवरची डाळ करपली.

तयार ठेक्यांचं मूळ दुखणं हे आहे. ते भरलेले असतात. विकणाऱ्याला दुकानात बटण दाबल्याबरोबर गिऱ्हाईक खूश व्हायला हवं असतं, म्हणून तो ढोल घालतो, त्यावर टाळ, त्यावर घुंगरू, शेवटी शिट्टीसुद्धा. मग त्यात बाईचा आवाज कुठं बसणार? म्हणून यंत्र दुरुस्त करायचं म्हणजे बहुतेक वेळा त्यात काही घालायचं नसतं, पुसायचं असतं. आधी शिट्टी पुसा. घुंगरू पुसा. मग नवव्या घरातला ढोल. आपल्या बिदरच्या बिदरी कामात जस्त-तांब्याचं भांडं साच्यात ओततात, पण नक्षी हातानं कोरतात आणि त्या कोरलेल्या जागेत चांदी बसवतात. कोरून जागा केली नाही तर चांदी बसणार कुठं?

मग मावशींचा दादरा. इथं मी दोन दिवस अडले. सोळा घरांत सहा मात्रा बसवायला गेले की शेवटी चार घरं उरायची आणि प्रत्येक फेरीत ठेका ठेचकाळायचा. पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, “काकू, शेवटचं घर बदला ना. बारावर थांबवा.” बहुतेक यंत्रांत ही सोय असते. फेरी सोळापर्यंत न्यायलाच पाहिजे असं नाही. बारावर तोडली की दादरा, चौदावर तोडली की सात मात्रांचा रूपक. एवढी साधी गोष्ट. त्या दिवशी मंडपात कुणीतरी ‘सोळा’चं ‘बारा’ केलं असतं तर मावशी मागं सरकल्या नसत्या.

नंतर गती. मावशी पहिलं कडवं संथ म्हणतात, शेवटचं चढं. यंत्राला एकच गती. पण गतीचं चाक असतं, ते फिरवणारा माणूस मात्र जागेवर बसलेला पाहिजे, बाहेर पान खात नव्हे. मग जोर. सगळे ठोके सारख्या जोराचे पडले की कान विटतो. समेवर जोर द्या, बाकीचे हलके करा. जोराची ओळ वेगळी असते. वर्षानुवर्षं न उघडल्यानं ती कुणाला माहीत नसते.

इतकं करूनही मला समाधान नव्हतं. माझा दादरा बरोबर होता, पण शाळेतल्या कवायतीसारखा. तेव्हा मला कळलं की घरं मला मोजता येतात, ताल मला येत नाही. ज्याला येतो तो गवंडीकामावर विटा वाहत होता.

मी ढोलकीवाल्या मामांना निरोप पाठवला. बुधवारी ते बिदरला आले होते, तिथून कमठाण्याला आले. ओट्यावर बसले, आत यायला तयार होईनात. मी यंत्रच ओट्यावर आणलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. म्हणाले, “आक्का, ह्यानंच माझं काम नेलं, आता ह्यालाच शिकवू का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खरं ते सांगितलं, की यंत्र काही परत जाणार नाही, पण त्यात काय वाजायचं ते तुम्ही सांगावं आणि त्याचे पैसे घ्यावेत असं मला वाटतं. पटत नसेल तर चहा घेऊन जा. ते बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “लावा बगू.”

माझा दादरा ऐकला. “लई भरलंय, आक्का. रिकामं करा.” मला वाटत होतं मी आधीच रिकामं केलं आहे. त्यांनी ओट्याच्या फरशीवर बोटांनी वाजवून दाखवलं. मी घरं मोजली. चौथ्या मात्रेचा ठोका ते ठेवायचे, पण ऐकू येईल न येईल इतका. पाचव्याला थोडे उशिरा यायचे. मी झोक्याची कळ पन्नासवरून पुढं सरकवली. छप्पन्नला म्हणाले, “अजून.” साठला म्हणाले, “जास्त झालं.” अठ्ठावन्नला त्यांनी मान हलवली आणि मावशींचं पद तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागले. त्यांना ते पद पूर्ण पाठ होतं. वीस वर्षं त्या खांबाला टेकून ऐकलेलं. आमच्या कमिटीतल्या किती जणांना पाठ आहे, ते मी विचारणार नाही.

त्या दिवशी आम्ही चार ठेके लिहिले. दादरा, भजनाचा संथ कहरवा, त्याचाच शेवटचा चढा, आणि पाळण्याचा. मी त्यांना पाचशे रुपये दिले. माझ्या घरखर्चातले. ते मंडळाच्या हिशोबात यायला हवे होते.

आता मला दोन बाजूंनी बोलणी बसतात. एक बाजू शुद्धतावाद्यांची. ते म्हणतात, यंत्राचा ठेका मेलेला, त्यात जीव नाही, माणूस वाजवेल तेच खरं. मान्य, अठ्ठावन्न टक्के झोका म्हणजे मामांची बोटं नव्हेत. मावशींचा श्वास अडला तर मामा थांबतात, यंत्र थांबत नाही. पण हे शुद्धतावादी गावात तबलजीला किती मानधन देतात ते विचारा. माणूस परवडत नाही म्हणून काढायचा आणि मग यंत्राला निर्जीव म्हणून नाक मुरडायचं, याला काय अर्थ आहे? माणूस ठेवा, मी उद्या यंत्र पुतण्याला परत करते.

दुसरी बाजू म्हणते, “अहो, भाव महत्त्वाचा. ठेका कुठला का असेना.” हे सगळ्यात धोक्याचं बोलणं. भाव महत्त्वाचा असता तर मावशींचा भाव दिसला असता. ज्यांना काही बदलायचं नसतं ते भावाचा आडोसा घेतात. या सीमाभागात १९५६ नंतर आपण किती गोष्टी सांभाळत आलो! बाहेर पाटी कन्नड, आत पूजेचं पुस्तक मराठी, बाजारात दखनी. एकाच दिवसात तीन भाषांच्या चालीनं आपली जीभ वळते, आणि त्या तिन्हींतली पदं आपल्या आयांनी आपल्याला दिली. प्रत्येकीची चाल वेगळी, झोका वेगळा. ती सगळी ‘भजन २’ मध्ये कोंबली की दहा वर्षांत फक्त आठात बसणारी पदं उरतील. बाकीची कुणी बंद केली नसतील. त्या बायका नुसत्या मागं सरकून बसलेल्या असतील.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि कुठल्याही मंडळाला परवडतील अशा आहेत. यंत्राचं बटण गाणाऱ्यांपैकी एकीच्या हातात असावं. पद म्हणणारीला आधी विचारावं, सहाचं की आठाचं, आणि ज्या पदाचा ठेका यंत्रात नाही ते पद यंत्राशिवाय, नुसत्या टाळीवर म्हणावं. ठेके लिहायला वर्षातून एकदा वाजवणाऱ्या माणसाला मानानं बोलवावं, आत बसवावं, आणि त्याचं मानधन हिशोबाच्या वहीत लिहावं. यातली एकही गोष्ट चामड्याशी संबंधित नाही.

महावीर जयंतीला आम्ही लिहिलेले चार ठेके बहिणीच्या गावच्या यंत्रात भरले. मावशी पद म्हणाल्या. फार छान म्हणाल्या असं नाही, त्यांचा दम आता कमी झाला आहे. पण पूर्ण म्हणाल्या, सगळी कडवी. मी चाकावर हात ठेवून शेजारी बसले होते. मामा आले नव्हते. बोलावणं कमिटीनं पाठवायला हवं होतं, ते गेलं नाही.

पंधरा दिवसांनी बहिणीचा फोन आला. कुणीतरी यंत्र ‘हँग झालं’ म्हणून मूळ स्थितीवर आणलं होतं. चारही ठेके पुसले गेले, ‘भजन २’ परत पहिल्या जागेवर. मुद्दाम केलं की अजाणता, मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही.

कारण मी ते चारही ठेके गणिताच्या चौकटी वहीत पेन्सिलीनं उतरवून ठेवले आहेत. सोळा घरांचा एक, बारा घरांचा एक, असे. ठोक्याला ठिपका, जोराला फुली, आणि वरच्या कोपऱ्यात मामांचं नाव. नवव्या घराभोवती लाल गोल आहे. ज्या मंडळाला हवे असतील त्यांनी कमठाण्याला यावं. चहा मिळेल, वही मिळेल. येताना मामांचे पाचशे रुपये आणावेत.